धरण भरलेलं असताना चुकीचा प्रोग्रॅमही पास होतो

बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला ६० विद्यार्थी आणि सत्रात १० प्रॅक्टिकल धरा. एक प्रोग्रॅम उघडून, चालवून, दोन-तीन इनपुट देऊन बघायला ५ मिनिटं लागली तरी ३,००० मिनिटं होतात, म्हणजे ५० तास. एका शिक्षकाकडे असे दोन-तीन विषय असतात. एवढा वेळ निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी जर्नलमध्ये उतरवलेला प्रोग्रॅम आणि त्याखाली पेनाने लिहिलेलं आउटपुट बघून सही होते. प्रोग्रॅम खरंच चालतो का, हे तपासायचं राहूनच जातं. यात नुकसान लेकरांचं होतं, कारण आपली चूक कुठे झाली हे त्यांना कधीच कळत नाही.

हे ५० तास मशीनवर टाकता येतात. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये पंच कार्डांवरचे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम मशीनकडून तपासल्याचा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला होता. आज त्यासाठी लॅबमधला एखादा जुना ८ जीबी रॅमचा डेस्कटॉप आणि त्यावर उबुंटू लिनक्स एवढं पुरतं. खरं कष्टाचं काम सर्व्हर बसवण्यात नसतं, ते टेस्ट केस, म्हणजे प्रोग्रॅमला द्यायची इनपुट आणि त्यांची अपेक्षित उत्तरं, निवडण्यात असतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न असा देऊ: जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे. आजचा साठा वाचा आणि धरण किती टक्के भरलं ते दोन दशांशांपर्यंत छापा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हमखास करतो ती चूक म्हणजे साठा इंटमध्ये (पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये) घेऊन साठा / २१७१ * १०० असं लिहिणं. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून १५०० ला २१७१ ने भागल्यावर ० येतं आणि ० गुणिले १०० म्हणजे ०. उत्तर ६९.०९ यायला हवं, येतं शून्य.

आता आपण टेस्ट कोणत्या लावतो ते बघा. टोकाची इनपुट तपासावीत हे आपण सगळेच शिकलो आहोत. म्हणून धरण रिकामं असताना ० आणि पूर्ण भरलेलं असताना २१७१ अशा दोन टेस्ट लावल्या, तर हा चुकीचा प्रोग्रॅम दोन्ही टेस्ट पास होतो! शून्याला शून्य टक्के आणि २१७१ ला बरोबर १०० टक्के. चूक फक्त मधल्या आकड्यांवर दिसते. १५०० ची टेस्ट नसेल तर त्या मुलाला पूर्ण गुण मिळतात आणि आपला भागाकार बरोबर आहे असं समजून तो पुढच्या वर्षाला जातो.

टर्बो सी हा जुना कंपायलर वापरणाऱ्यांसाठी याच उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. कुणी हुशारीने साठा * १०० / २१७१ असं लिहिलं तर जीसीसीमध्ये (लिनक्सवरच्या सी कंपायलरमध्ये) ६९ येतात. दशांश नाही, पण आकडा जवळचा. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १,५०,००० चे १८,९२८ होतात आणि उत्तर येतं ८. तोच प्रोग्रॅम, तेच इनपुट, एका मशीनवर ६९ टक्के आणि दुसऱ्यावर ८. फॅक्टोरिअलच्या प्रोग्रॅमचंही तसंच. १६ बिटांत ७ पर्यंत बरोबर येतं, ८ ला उणे २५,२१६ छापलं जातं. जीसीसीच्या ३२ बिटांच्या इंटमध्ये १२ पर्यंत ठीक, १३ ला गडबड. त्यामुळे कोणत्या कंपायलरवर तपासणी होणार, हे सत्राच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं पाहिजे, आणि लॅबमध्येही तोच कंपायलर हवा.

धरणाच्या प्रश्नाला निदान पाच इनपुट लावावीत. ०, २१७१ आणि १५०० तर आलेच. चौथं उणे ३००, कारण दुष्काळाच्या वर्षी पाणी मृतसाठ्यात गेलं की उपयुक्त साठा उणे मांडला जातो. उत्तर उणे १३.८२. पाचवं १०८५.५, ज्याचं उत्तर बरोबर ५०.०० आहे. साठा इंटमध्ये वाचणाऱ्याने पुढचा भागाकार बरोबर केला तरी त्याला १०८५ च मिळतात आणि तो ४९.९८ छापतो. इथे सूट किती द्यायची हा प्रश्न येतो. दशांश संख्या अक्षराला अक्षर जुळवून तपासू नयेत. एकाने ६९.०९ छापलं आणि दुसऱ्याने ६९.०९२६, तर दोघांनाही हिशोब समजला आहे. फरक ०.०१ पर्यंत चालेल असं ठरवावं. पण तीच सूट ०.०५ केली की ४९.९८ वाली चूक निसटून जाते. म्हणजे सूटसुद्धा प्रश्नागणिक विचार करून ठरवायची असते.

टेस्ट पुरेशा आहेत का हे ओळखायची एक खात्रीची रीत आहे. प्रश्न वर्गाला देण्याआधी बरोबर उत्तराच्या जोडीला चार-पाच चुकीचे प्रोग्रॅम आपणच लिहायचे. एकात पूर्णांक भागाकार, एकात पेक्षा-लहानच्या जागी पेक्षा-लहान-किंवा-समान, एकात लूप एक फेरी कमी, एकात बेरजेच्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच नाही. प्रत्येक चुकीचा प्रोग्रॅम निदान एका टेस्टला नापास झालाच पाहिजे. एखादा सगळ्या टेस्ट पार करून गेला तर टेस्ट अपुऱ्या आहेत. याला अर्धा-पाऊण तास लागतो, पण सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचा वेळ हाच.

एसक्यूएलच्या प्रॅक्टिकललाही हेच लागू पडतं. तालुक्यांचं एक टेबल, पावसाच्या नोंदींचं दुसरं, आणि प्रत्येक तालुक्याचा एकूण पाऊस काढा असा प्रश्न. टेस्टच्या डेटात प्रत्येक तालुक्याची एक तरी नोंद असेल तर इनर जॉइन (फक्त जुळणाऱ्या ओळी) आणि लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी) दोन्हींचं उत्तर सारखंच येतं. एक तालुका मुद्दाम बिननोंदीचा ठेवला की फरक लगेच दिसतो. चुकीची क्वेरी पकडेल असा डेटा आपोआप तयार करण्यावर आयआयटी मुंबईत एक्सडेटा नावाचं काम झालं आहे, ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी ते जरूर बघावं. आणखी एक, ऑर्डर बाय मागितलेलं नसेल तर ओळींचा क्रम जुळलाच पाहिजे असा हट्ट धरू नये.

आता प्रश्नाच्या शब्दांकडे. हाताने तपासताना 'दोन संख्या घ्या आणि बेरीज छापा' एवढं पुरतं. मशीनसाठी इनपुट एका ओळीत की दोन, मध्ये स्पेस की स्वल्पविराम, आउटपुटला शब्द हवेत की नुसती संख्या, हे सगळं लिहावं लागतं, आणि सोबत एक नमुना इनपुट-आउटपुट. पायथॉनमध्ये इनपुटच्या कंसात लिहिलेली सूचनाही आउटपुटमध्येच जाते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. पहिल्या वर्षाला एवढ्यावरून गुण कापू नयेत. आउटपुटमधल्या संख्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या आणि शेवटची संख्या उत्तर म्हणून धरायची. पहिली संख्या धरू नका, कारण 'एंटर २ नंबर्स' मधला २ सुद्धा संख्याच असतो. शब्द जुळवायचे असतील तर ओळीच्या शेवटच्या स्पेस, रिकाम्या ओळी आणि विंडोजमधून येणारं कॅरेज रिटर्न आधी काढून टाका. एनपीटेलचे ऑनलाइन कोर्स केलेल्यांना 'प्रेझेंटेशन एरर' हा शब्द माहीत असतो. उत्तर बरोबर, मांडणीत फरक. आपल्याकडेही या दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्यात.

फाइली गोळा करताना नावाचा नियम कडक ठेवा: रोल नंबर, अंडरस्कोअर, प्रॅक्टिकल नंबर. नाहीतर 'फायनल', 'फायनल १', 'सरांनी सांगितलेला' अशा नावांच्या ६० फाइली येतात आणि कोणती कुणाची हे शोधण्यात दुपार जाते. जावामध्ये पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव एकच लागतं, म्हणून तिथे रोल नंबर फोल्डरला द्या, फाइलला नको. काही मुलं प्रोग्रॅम वर्डमध्ये टाइप करतात किंवा मोबाइलवरून चिकटवतात. त्यात सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि जीसीसी 'स्ट्रे ३४२ इन प्रोग्रॅम' अशा अर्थाची चूक देतो. मुलाला त्यातून काही बोध होत नाही. मशीनने ही चिन्हं ओळखून 'अवतरणचिन्हं वर्डमधली आहेत, पुन्हा टाइप करा' असं मराठीत सांगितलं तर तो दोन मिनिटांत दुरुस्त करून आणतो.

कंपाइल करताना टर्बो सीच्या काळातल्या जुन्या पुस्तकांची छाया पडते. कोनिओ हेडर, क्लिअर स्क्रीन, गेटसीएच, व्हॉइड मेन, गेट्स. कोनिओ लिनक्सवर नसतो, म्हणून पहिल्या ओळीलाच प्रोग्रॅम पडतो. पहिल्या दोन प्रॅक्टिकलपुरती एक नकली कोनिओ हेडर फाइल ठेवावी, ज्यात क्लिअर स्क्रीन काहीच करत नाही आणि गेटसीएच शून्य परत देतं. तिसऱ्यापासून ती काढून टाकायची, हे आधीच सांगायचं. मॅथ हेडर असेल तर जोडताना एल-एम पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर स्क्वेअर रूटवाले सगळे नापास दिसतील. आणि सत्राच्या मध्ये सर्व्हरवरचा कंपायलर बदलू नका. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही थेट चूक धरली जाते, आधी नुसती ताकीद मिळायची. काल चाललेला प्रोग्रॅम आज चालत नाही, असं मुलांच्या वाट्याला येऊ नये.

चालवताना मात्र सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते, कारण अनोळखी प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालतो आहे. वेळेची मर्यादा टाइमआउट कमांडने घाला: २ सेकंदांनी थांबण्याचा सिग्नल, तरी न थांबल्यास १ सेकंदाने सक्तीने बंद. पण वेळेची मर्यादा एकटी पुरत नाही. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात मेन्यू ड्रिव्हन प्रोग्रॅम फार असतात: १ पुश, २ पॉप, ३ डिस्प्ले, ४ एक्झिट. टेस्टच्या इनपुटमध्ये शेवटचा ४ द्यायचा राहिला तर इनपुट संपतं, स्कॅनएफ काहीच वाचत नाही, चॉइसमध्ये जुनीच किंमत राहते आणि लूप तोच मेन्यू छापत सुटतो. दोन सेकंदांत फाइल इतकी फुगते की दहा-वीस जणांमागे डिस्क भरायला लागते. म्हणून आउटपुट हेड कमांडमधून ६४ केबीपर्यंतच घ्या. मर्यादा संपली की पाइप, म्हणजे प्रोग्रॅम आणि हेड यांच्यातला जोड, बंद होतो आणि प्रोग्रॅम आपोआप मरतो. यात एक अडचण आहे. पाइप लावल्यावर मिळणारा एक्झिट कोड (प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे नीट) हेडचा असतो, मुलाच्या प्रोग्रॅमचा नसतो. बॅशमध्ये तो पाइपस्टेटसमधून काढावा लागतो.

तो कोड काढायलाच हवा, कारण नापास का झाला ते त्यातूनच कळतं. १२४ म्हणजे वेळ संपली. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, बहुधा ॲरेच्या बाहेर हात गेला किंवा स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरला. १३६ म्हणजे शून्याने भागाकार. मात्र कोड शून्य नाही एवढ्यावरून कुणाला नापास करू नका. व्हॉइड मेन लिहिलं असेल तर एक्झिट कोड म्हणून रजिस्टरमध्ये उरलेला आकडा बाहेर पडतो, बहुतेक वेळा शेवटच्या प्रिंटएफने छापलेल्या अक्षरांची संख्या. त्याचा बरोबर-चूकशी काही संबंध नसतो.

नेटवर्क बंद, मेमरी २५६ एमबी, प्रोसेस ६४ च्या आत, एवढं बंधन डॉकरमधून (प्रोग्रॅम बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या साधनातून) सहज घालता येतं. मेमरीसाठी युलिमिट कमांडचा व्ही पर्याय सी प्रोग्रॅमला चालतो, पण जावाला लावू नका. जावा सुरू होतानाच भरपूर ॲड्रेस स्पेस राखून ठेवते आणि त्या बंधनात ती उठतच नाही. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमचंही तेच होतं.

“सर, माझ्याकडं तर बरोबर चालायलंय की!” ही तक्रार हमखास येते आणि ती बहुतेकदा खरी असते. एक उदाहरण जवळून बघू. मुलाचा प्रोग्रॅम पाच ओळी बरोबर छापतो आणि शेवटी सेगमेंटेशन फॉल्टने पडतो. त्याच्या स्क्रीनवर पाचही ओळी दिसतात. आपल्या तपासणीत आउटपुट पूर्ण कोरं येतं आणि त्याला शून्य मिळतं. कारण असं, की आउटपुट स्क्रीनवर जात असेल तर प्रत्येक ओळ संपताच बाहेर पडते. तेच फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये जात असेल तर मोठ्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठत राहतं आणि बफर भरला किंवा प्रोग्रॅम नीट संपला तरच बाहेर येतं. मध्येच पडला तर बफर तिथेच विरतो. उपाय सोपा आहे: प्रोग्रॅम स्टडबफ कमांडने ओळीओळीच्या बफरवर चालवायचा. मग पाच ओळी मिळतात, त्यांचे गुण मिळतात, आणि शेवटचा फॉल्ट वेगळा दाखवता येतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेलं व्हेरिएबल. त्याच्या मशीनवर योगायोगाने तिथे शून्य असतं, आपल्याकडे कचरा. कंपाइल करताना सगळ्या ताकिदी चालू ठेवून त्या त्याला दाखवल्या तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

हे सगळं स्वतः स्क्रिप्टमध्ये लिहायचं नसेल तर मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवर कोडरनर हे प्लगइन बसवावं. ते न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालं आणि फुकट आहे. प्रोग्रॅम चालवायला त्याला जोब नावाचा वेगळा सर्व्हर लागतो. बसवल्या बसवल्या ते कँटरबरीच्याच सर्व्हरकडे बोट दाखवतं, पण तो फक्त करून बघण्यापुरता आहे. वर्गासाठी आपल्या लॅबमध्ये आपला जोब हवा. मूडल आणि जोब दोन्ही लॅनवर असले की इंटरनेट गेलं तरी प्रॅक्टिकल थांबत नाही. वीज जाण्याचं मात्र काही सांगता येत नाही, सर्व्हर आणि लॅनचा स्विच हे दोन्ही यूपीएसवर घ्या. स्विच विसरला जातो.

जोब मुळात एका वेळी ८ कामं घेतो. ६० जणांनी शेवटच्या क्षणाला एकदम सबमिट केलं, प्रत्येकाच्या १० टेस्ट आणि प्रत्येक टेस्ट २ सेकंद अडकली, तर आठ-आठ जणांच्या ८ फेऱ्यांना प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे वाईटात वाईट १६० सेकंद लागतात. पहिली टेस्ट वेळेत न संपल्यास पुढच्या चालवायच्याच नाहीत, असं ठरवलं तर हा आकडा खूप खाली येतो. कोडरनरमध्ये 'सगळ्या टेस्ट पास तरच गुण' हे मुळातच चालू असतं. पहिल्या वर्षासाठी ते बंद करा. दहापैकी सात टेस्ट पार करणाऱ्याला शून्य देणं अन्याय आहे.

टेस्ट थोड्या उघड्या, बाकीच्या झाकलेल्या ठेवाव्यात, साधारण तीन आणि सात. सगळ्याच उघड्या ठेवल्या तर १५०० आला तर ६९.०९ छाप असे प्रोग्रॅम येतात. झाकलेली टेस्ट नापास झाली तर इनपुट दाखवू नका, पण तिचं नाव जरूर दाखवा: 'उणे साठा', 'दशांश इनपुट', 'रिकामी यादी'. तेवढ्या धाग्यावरून मुलं स्वतः चूक शोधतात, आणि शोधताना जे शिकतात ते सांगून शिकवता येत नाही.

नकलेचं काय? ६० जणांत १,७७० जोड्या होतात, डोळ्यांनी शक्य नाही. स्टॅनफर्डचं मॉस किंवा कार्ल्सरूहचं जेप्लॅग ते काम करतं. जेप्लॅग आपल्याच संगणकावर चालतं, मुलांचा कोड बाहेर पाठवावा लागत नाही, म्हणून ते बरं. पण पंधरा ओळींच्या प्रोग्रॅमवर त्याचा उपयोग नाही, दोन संख्यांची अदलाबदल सगळे एकसारखीच लिहिणार. मिनी प्रोजेक्टसारख्या मोठ्या कोडलाच ते लावा आणि आपण दिलेला साचा वगळायला सांगा. चॅटजीपीटीने लिहिलेला कोड मात्र यात सापडत नाही. तिथे व्हायवाच लागतो, आणि त्यासाठीच तर मशीनकडून वेळ वाचवायचा. माणशी ३ मिनिटं धरली तर ६० जणांना ३ तास. त्याच्याच प्रोग्रॅमवर बोट ठेवून विचारायचं: “२१७१ च्या जागी २१७१.० लिहिलं तर काय बदलेल? का बदलेल?” मराठीत विचारा, मराठीत उत्तर घ्या. ज्याने स्वतः धडपड केली आहे तो इंग्रजीच्या भीतीने गप्प बसू नये. १० गुणांपैकी ५ टेस्टना, ३ व्हायवाला आणि २ कोडच्या मांडणीला ही वाटणी बरी पडते. कंपाइलच न झालेल्यांची यादी वेगळी काढून ती हातानेच तपासावी. एका अर्धविरामासाठी पाचच्या पाच गुण जाऊ देऊ नयेत.

गुणांची फाइल एक्सेलमध्ये उघडताना शेवटचा घोळ होतो. बऱ्याच ठिकाणी पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) १६ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे १५ च अंक धरून ठेवतं. सोळाव्याचं शून्य होतं. एका बॅचचे पीआरएन ओळीने असतात, त्यामुळे शेवटचा अंक गेला की दहा-दहा जणांचा नंबर एकच होऊन बसतो, आणि फाइल सेव्ह केली की मूळ अंक परत येत नाही. म्हणून सीएसव्ही डबल क्लिकने उघडू नका. डेटा मेन्यूतून आत घ्या आणि तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

मुलांनी दिलेली मूळ फाइल, प्रत्येक टेस्टचं आउटपुट आणि एक्झिट कोड सत्राचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. एखाद्या मुलाच्या तक्रारीतून आपलीच टेस्ट चुकीची निघाली, तर फक्त त्याचे गुण वाढवू नका. टेस्ट दुरुस्त करून साठही जणांच्या फाइली पुन्हा चालवा. ज्यांचे वाढतात त्यांचे वाढवा, ज्यांचे कमी होतात त्यांचे आहेत तेच राहू द्या, आणि नवी यादी त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लावा.